प्लुटोची फुगडी

बडोद्यातल्या गोरव्याच्या नयना बोरसे यांच्याविषयी पहिली गोष्ट सांगायची तर बाई अंगानं भरभक्कम. दुसरी गोष्ट, हे दुसऱ्या कुणी बोलून दाखवलेलं त्यांना खपत नाही. स्वतः मात्र दिवसातून चारदा सांगतील, हसतील, वर टाळी मागतील. नवरा विश्राम कोयलीच्या रिफायनरीत फिटर होता, आता निवृत्त. लग्न होऊन अमळनेरहून बडोद्याला आल्या तेव्हा नयनाबाईंना गुजरातीचा गंध नव्हता. आता त्या भाजीवाल्याशी गुजरातीत भांडतात, नवऱ्याशी अहिराणीत आणि देवाशी शुद्ध मराठीत. तिन्ही आघाड्या रोज चालू असतात.

पण बडोद्याच्या मराठी घरांत त्यांना ओळखतात ते फुगडीसाठी. दांडिया बाजारात मंगळागौरीचे खेळ करणारा बायकांचा एक गट आहे. नव्या नवरीच्या घरी बोलावणं आलं की हा गट जातो. झिम्मा होतो, पिंगा होतो, सुपं नाचवून होतात, आणि मग बायका आपापल्या चटया गुंडाळून भिंतीला सरकतात, कारण शेवटची फुगडी नयनाबाई आणि मोहनाताई सबनीस यांची असते आणि तिला जागा लागते. मोहनाताई म्हणजे शेवग्याची शेंग. उंच, सडपातळ, साठी उलटली तरी पाठीला बाक नाही. दोघी पदर खोचणार, हातांची अढी घालणार, पावलं एकमेकींच्या पावलांना भिडवणार, आणि मोहनाताई दर खेपेला विचारणार, "धरलंस?" नयनाबाई म्हणणार, "धरलंय." की मग जे सुरू व्हायचं ते बघताना बघणाऱ्यांनाच घेरी यायची. लहान पोरं तर आयांच्या मांडीत तोंड खुपसून बसायची.

त्या दोघींची ओळखही फुगडीतच झाली. नयनाबाई तेव्हा नव्यानं आलेल्या, रिफायनरीच्या वसाहतीत राहायच्या. शेजारणीबरोबर दांडिया बाजारात एका मंगळागौरीला गेल्या होत्या, ओळख ना पाळख, कोपऱ्यात बसून वाटली डाळ खात होत्या. मोहनाताईंची जोडीदारीण दमून खाली बसली. मोहनाताईंनी कमरेवर हात ठेवून सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि आहे का कुणाच्या अंगात जीव, असं विचारलं. नयनाबाईंनी द्रोण खाली ठेवला. अर्ध्या घटकेनं दोघी थांबल्या तेव्हा मोहनाताईंचा अंबाडा सुटला होता आणि नयनाबाईंच्या चार बांगड्या फुटल्या होत्या. कुठून आलीस गं, मोहनाताईंनी धापा टाकत विचारलं. त्या दिवसापासून नयनाबाई या गटाच्या झाल्या.

गट मात्र मोहनाताईंचा. यात नयनाबाईंना कधी काही वावगं वाटलं नाही. सबनिसांचं घर जुनं, मोहनाताईंचे आजेसासरे संस्थानच्या नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते, घरात आल्यागेल्याला चांदीच्या तबकातून पान मिळायचं. बोलावणं मोहनाताईंना यायचं, सत्कार मोहनाताईंचा व्हायचा, वर्तमानपत्रात फोटोखाली "मोहना सबनीस व सहकारी" असं छापून यायचं. त्या "व सहकारी"मध्ये नयनाबाई मावायच्या. मोहनाताई त्यांना "अगं नयना" म्हणायच्या आणि नयनाबाई "अहो मोहनाताई". तालीम दांडिया बाजारात, मिटिंग दांडिया बाजारात, नुसता चहा प्यायचा तरी दांडिया बाजारात. विश्रामभाऊ स्कूटरवरून बायकोला तिकडे सोडायचे आणि घ्यायला जायचे. मोहनाताई गोरव्याला आल्या त्या नयनाबाईंच्या मुलाच्या, पीयूषच्या, बारशाला आणि त्याच्या लग्नाला. इतकी वर्षं याचा हिशेब नयनाबाईंनी मनात कधी केला नव्हता.

तो केला यंदाच्या श्रावणात. झालं असं की पहिल्याच मंगळवारच्या तालमीला मोहनाताईंनी जाहीर करून टाकलं की यंदापासून शेवटची फुगडी कॉलेजातल्या दोन मुली घालतील, नव्यांना संधी द्यायला हवी. बरं, नव्यांना संधी द्या, कोण नको म्हणतंय. पण आधी दोन शब्द कानावर घालायला काय झालं होतं? नयनाबाईंना गाणाऱ्या बायकांत बसवलं. त्यांचा आवाज म्हणजे पितळी परात जमिनीवर पडावी तसा. अख्खा श्रावण त्या टाळ्या वाजवत बसल्या, हसत राहिल्या, आणि घरी येऊन आरशापुढे आडव्या-उभ्या राहून स्वतःकडे बघत राहिल्या. गुडघा थोडा कुरकुरतो, हे खरं. अंग सुटलंय, हेही खरं. म्हणजे आता आपण मोहनाताईंच्या शेजारी शोभत नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

त्यातच नाशिकहून पीयूषचा फोन. त्यानं मोठा फ्लॅट घेतला होता. आईबाबांनी गोरव्याचं घर विकावं आणि कायमचं नाशिकला यावं, दसऱ्यापर्यंत काय ते सांगावं, म्हणजे त्याला खोलीचं काम काढता येईल. पोरगा गुणी, सून त्याहून गुणी, नाही म्हणायला कारण नव्हतं. विश्रामभाऊ म्हणाले, तू म्हणशील तसं. नवरे हे वाक्य बोलतात आणि मोकळे होतात, बायकोनं मग कुढत बसावं. नयनाबाईंना बडोद्यात धरून ठेवणारी गोष्ट एकच होती, आणि तिनंच हात काढून घेतला होता. आपण गेलो तर मोहनाताईंना काही वाटेल का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. विचारायची मात्र हिंमत होत नव्हती.

आता यात प्लुटो कुठून आला, तर तो आला हरणीहून.

मोहनाताईंचा मुलगा आणि सून देवश्री बडोद्यातल्याच हरणीच्या एका सोसायटीत राहतात. देवश्री कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सोसायटीच्या नवरात्रात एका संध्याकाळी आरतीनंतर काहीतरी खास करायचं असतं, आणि यंदा देवश्रीनं सुचवलं की आपण सूर्यमालेचा गरबा करू. मधे गरबो ठेवायचा, दिवा लावलेला मातीचा छिद्रांचा घट, तो सूर्य. भोवती एकेका ग्रहाचा घेर. बुध आतल्या घेरात झपझप, शनी बाहेर संथ. सगळ्यांना कल्पना आवडली. सोसायटीचे सेक्रेटरी हार्दिकभाई यांनी फक्त एक अट घातली. ग्रह नऊ पाहिजेत. देवश्रीनं समजावलं की प्लुटोला आता ग्रह म्हणत नाहीत, तो पार तिकडे अंधारात फिरणारा बर्फाचा एक लहान गोळा आहे. हार्दिकभाई म्हणाले, बेन, रात नव तो ग्रह पण नव, नानो होय तो पण चालशे. नवरात्रीच्या रात्री नऊ म्हणून ग्रह नऊ, एखादा लहान असला तरी चालेल, यापुढे भौतिकशास्त्रानं हात टेकले.

तर प्लुटो ठरला. तो सगळ्यांत लांब, म्हणजे पार्किंगच्या कडेला, जिथे मांडवाचा उजेडही धड पोचत नव्हता. तिथे उभं राहायला तरुण बायका तयार होईनात, चणियाचोळी घालून अंधारात कोण उभं राहणार. देवश्रीनं सासूबाईंना विचारलं. प्लुटोला सूर्याभोवती एक फेरा घालायला अडीचशे वर्षं लागतात, तेव्हा सगळ्या गरब्यात त्यांना दोन पावलं टाकायची होती. मोहनाताई म्हणाल्या, मी राहते उभी, पण माझ्याबरोबर नयना हवी. प्लुटोला शॅरन नावाचा एक चंद्र असतो, चांगला त्याच्या निम्म्या आकाराचा. नयनाबाईंना शॅरन केलं.

देवश्रीनं त्यांना फोनवर फोटो दाखवले होते. इतक्या लांब यान गेलं होतं, त्यानं काढलेले. प्लुटोवर गोठलेल्या वायूंचं पांढरं पठार, आणि शॅरन करडा, पण त्याच्या डोक्यावर तांबूस डाग. याला कुंकू कुणी लावलं, नयनाबाईंनी विचारलं. देवश्री हसली आणि म्हणाली की प्लुटोनंच लावलंय, प्लुटोवरून थोडाथोडा वायू निसटतो, तो शॅरनच्या डोक्यावर जाऊन गोठतो आणि हळूहळू तांबडा होतो. नयनाबाईंना ते फार आवडलं. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी विश्रामभाऊंना स्कूटरवर मागं बसून सगळं समजावलं. विश्रामभाऊंना त्यातलं निम्मं वाऱ्यात ऐकूच गेलं नाही, पण ते हो हो म्हणत राहिले.

तालीम रविवारी संध्याकाळी होती. गरबा सुरू झाला आणि खरा प्रकार नयनाबाईंच्या लक्षात आला. प्लुटोनं दोन पावलं टाकायची, कबूल. पण चंद्रानं प्लुटोभोवती फिरायचं होतं, सारखं, गाणं संपेपर्यंत. मोहनाताई छातीवर प्लुटोची पाटी लावून एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या, मान ताठ, राणीसारख्या. आणि त्यांच्याभोवती शॅरनची पाटी लावलेल्या नयनाबाई कुरकुरत्या गुडघ्यानं गोल गोल फिरताहेत. तिसऱ्या गाण्याला घाम डोळ्यांत जायला लागला. तेवढ्यात माइकवरून हार्दिकभाई ओरडले, "प्लुटोनो चंद्र जरा झडपथी!" म्हणजे चंद्रानं जरा भराभर फिरावं.

सगळं मैदान हसलं. नयनाबाई थांबल्या. कुणी हसलं की त्या स्वतः आधी हसायच्या, ही त्यांची जन्माची सवय, पण त्या दिवशी हसू आलं नाही. त्यांनी गळ्यातली पाटी काढली आणि देवश्रीच्या हातात दिली.

"एक सांग मला, पोरी," त्या म्हणाल्या. "एकानं मरेपर्यंत फिरायचं आणि एकानं नुसतं उभं राहायचं, हे तुझ्या विज्ञानात खरंच असं आहे, की हे इथलंच आहे?"

देवश्रीनं हातातल्या पाटीकडे बघितलं. पोरगी प्रामाणिक. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला स्वतःची चूक दिसली. वर्गात ती हे दरवर्षी बरोबर शिकवायची, पण गरब्याचे घेर आखताना हाताला पृथ्वी आणि चंद्राचीच सवय, तसंच तिनं इथेही आखून टाकलं होतं.

"नाही मावशी," ती म्हणाली. "तसं नाहीये. प्लुटो उभा राहत नाही. शॅरन इतका मोठा आहे की तोही प्लुटोला ओढतो. दोघं एकमेकांना धरून फिरतात. मधे एक रिकामी जागा आहे, तिच्याभोवती. जड असतो त्याचा घेर लहान, हलका असतो त्याचा मोठा. आणि दोघांची तोंडं कायम एकमेकांकडे. कधीच पाठ फिरवत नाहीत."

नयनाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याला वाटावं, रागाचं नावही नव्हतं.

"अगं, म्हणजे फुगडी!" त्या म्हणाल्या आणि मोहनाताईंकडे वळल्या. हात तर आधीच पुढे झाले होते, अढी घालायला.

मोहनाताईंनी खुर्चीची पाठ सोडली नाही. चेहरा पांढराफटक. सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या, "मी फुगडी घालणार नाही. चंद्राला दुसरं कुणी बघ, देवश्री."

चंद्राला दुसरं कुणी बघ. नयनाबाईंनी हात मागे घेतले, पदरानं तोंड पुसलं, आणि बरं झालं, मी तशीही नाशिकला चालले आहे कायमची, असं म्हणून फाटकाकडे चालू लागल्या. विश्रामभाऊ स्कूटरला टेकून शेंगा खात होते. त्यांनी शेंगा खिशात टाकल्या आणि स्कूटर सुरू केली. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं की पीयूषला कळवून टाका, आम्ही येतो. विश्रामभाऊ म्हणाले, कळवतो. रात्री त्यांनी कळवलं नाही. सकाळीही कळवलं नाही. तसा तो माणूस कामात कधी चालढकल करणारा नव्हे.

सोमवारी सकाळी नयनाबाई मेथी निवडत बसल्या होत्या तेव्हा खाली रिक्षा थांबली. जिन्यात पावलं वाजायला लागली, अगदी सावकाश, एकेक पायरी करत, मधे थांबत. नयनाबाईंनी दार उघडलं तर मोहनाताई. एक हात भिंतीवर, एक कठड्यावर. बारसं नाही, लग्न नाही, बरोबर कुणी नाही. नयनाबाईंचा राग तसाच होता, पण पाय आपोआप दोन पायऱ्या खाली उतरले आणि त्यांनी मोहनाताईंचं कोपर धरलं.

आत येऊन मोहनाताई खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या, आणि भिंतीवरच्या पीयूषच्या लग्नाच्या फोटोकडे बघत बोलल्या. त्या म्हणाल्या की मी तुला अडवायला आलेली नाही, तू खुशाल जा, पण जायच्या आधी तुला खरं कळावं. श्रावण लागायच्या आधी एका सकाळी त्या देवघरात वळल्या आणि घर गरकन फिरलं. शुद्ध गेली नाही, पण कपाटावर आपटल्या. मग दर दोन दिवसांनी तेच. मान वर केली की घर फिरतं, कूस बदलली की पलंग फिरतो. डॉक्टर म्हणाले की कानाच्या आतले बारीक खडे जागचे हललेत, घाबरण्यासारखं काही नाही, मानेचे व्यायाम करा, जाईल. व्यायाम केले. चक्कर बहुतेक गेलीसुद्धा. डॉक्टरांनी सावकाश सगळं करायला परवानगीही दिली. भीती मात्र गेली नाही. जिना उतरताना, रस्ता ओलांडताना, सारखं वाटत राहतं की आता जमीन सरकेल.

एवढं होऊन या बाईनं तोंड उघडलं नव्हतं! घरात मुलाला फक्त थोडी घेरी आली म्हणून सांगितलं, सुनेला तेही नाही. का, तर ज्या मोहना सबनीसला उभं बडोदं गिरक्यांसाठी ओळखतं तिला चक्कर येते, हे लोकांना कळलं तर काय राहिलं. देवानं माणसाला वाचा दिली ती काय नुसती गाणी म्हणायला? पण मानी माणसाला सांगणार कोण.

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?" नयनाबाईंनी विचारलं. आवाज चढला होता. "मी काय लोकांतली आहे? मला वाटलं, मी जाड झाले, तुम्हाला लाज वाटते माझी."

मोहनाताईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. त्यांना खरोखरच धक्का बसला होता, असं काही नयनाच्या मनात येईल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"तुझी लाज?" त्या म्हणाल्या. "अगं, फुगडीत मी अशी हवेत जाते ती कुणाच्या जोरावर? मी तर सगळी मागे रेललेली असते. तू जागा सोडत नाहीस म्हणून मी उभी असते. मला भीती वाटली ती वेगळीच. फिरताफिरता मला चक्कर आली आणि मी पडले, तर लोक म्हणणार, नयनानं हात सोडला. जन्मभर हेच म्हणणार. तू कधी सोडला नाहीस, आणि ते तुझ्या माथी आलं असतं. त्यापेक्षा फुगडी बंद केलेली काय वाईट."

नयनाबाईंना रडू फुटलं. त्या रडतातही मोठ्यानं, खालच्या मजल्यावरच्या दीप्तीनं काय झालं म्हणून हाक मारली. मोहनाताई गडबडून गेल्या, त्यांना कुणाला शांत करायची सवय नाही, त्या नुसत्याच मेथीच्या काड्या गोळा करायला लागल्या. चांगली हुकमी बाई, पण माया करायची म्हटलं की हात कुठे ठेवावा हे कळत नाही.

रडून झाल्यावर नयनाबाई उठल्या, नाक पुसलं आणि आतून विश्रामभाऊंना हाक मारून टीपॉय भिंतीला लावायला सांगितलं. मोहनाताई नको नको म्हणत होत्या. नयनाबाईंनी त्यांच्यापुढे हात धरले.

"आपल्याला फुगडीत कधी चक्कर आली आहे का? आठवा बरं. का नाही आली? सगळ्या बायका, सगळ्या भिंती फिरतात, पण समोरचं तोंड हलत नाही म्हणून. ती पोरगी काल तेच सांगत होती. इकडेतिकडे बघायचंच नाही. माझ्या तोंडाकडे बघायचं."

मोहनाताईंनी हात दिले. ते गार पडले होते. विश्रामभाऊ दारात टीपॉय धरून उभेच राहिले. दोघी हळूहळू, पावलं उचलत, म्हाताऱ्या बायका फिरतात तशा फिरल्या. दुसऱ्या फेऱ्याला मोहनाताईंची नजर खिडकीकडे गेली आणि त्या एकदम झुकल्या. नयनाबाईंच्या गुडघ्यात कळ आली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. पुरे, मोहनाताई म्हणाल्या, आज पुरे. त्या दिवशी एवढंच झालं. नाशिकचा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही. जिना उतरताना मोहनाताईंनी नयनाबाईंचा दंड धरला होता, आणि रिक्षा वळेपर्यंत नयनाबाई रस्त्यावर उभ्या होत्या.

मंगळवारी, बुधवारी मोहनाताई पुन्हा आल्या. दांडिया बाजारातून गोरव्याला, रिक्षानं. चार फेरे, मग सहा. देवश्रीला आता सगळं कळलं होतं, आणि तिनं एकच बजावलं की शॅरन काही भिंगरी नाही, त्याला एका फेऱ्याला सहा-साडेसहा दिवस लागतात, तेव्हा सावकाश. शिवाय तिनं आपला आराखडा बदलला, आणि हार्दिकभाईंना माइकपासून लांब ठेवायचं काम अंगावर घेतलं.

कार्यक्रमाच्या दिवशी आरती झाली, प्रसाद वाटला, आणि दिवेलागणीलाच सूर्यमालेचा गरबा सुरू झाला. मधे गरबो तेवत होता. बुधाच्या पोरी धावत होत्या, पृथ्वीच्या बायका तीन टाळ्यांचा गरबा घेत होत्या, गुरू-शनीच्या काकूंचं निम्मं लक्ष आपापल्या नातवंडांकडे होतं. सगळ्यांची तोंडं मधल्या दिव्याकडे. आणि पार तिकडे पार्किंगच्या कडेला, स्कूटरच्या रांगेजवळ, दोन नऊवारीतल्या बायका.

मोहनाताईंनी पदर खोचला. मग गळ्यातली प्लुटोची पाटी काढली आणि नयनाबाईंच्या गळ्यात घातली.

"जड असतो तो प्लुटो," त्या म्हणाल्या. "ही पाटी तुझी. चंद्र मी आहे, आणि पहिल्यापासून मीच होते."

कमरेच्या ओच्यात खोचलेली कुंकवाची पुडी काढून त्यांनी नयनाबाईंच्या कपाळावर अंगठ्यानं कुंकू लावलं. अंधारात ते थोडं भुवईवर गेलं. नयनाबाईंनीही चिमूटभर घेऊन त्यांना लावलं. मग दोघींनी हातांची अढी घातली, पावलांना पावलं लावली. मोहनाताईंनी पकड एकदा चाचपून पाहिली.

"धरलंस?"

"धरलंय. माझ्याकडे बघ, मोहना."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडून नुसतं नाव निघालं, आणि दोघींपैकी एकीच्याही ते लक्षात आलं नाही. फेरा सुरू झाला. सावकाश. गरब्याचा ताल एकीकडे, यांचा दुसरीकडे. मांडव फिरला, दिवे फिरले, स्कूटरची रांग फिरली, हरणीवरून उतरणाऱ्या विमानाचा लाल दिवासुद्धा त्यांच्याभोवती फिरून गेला. मोहनाताईंच्या समोर नयनाबाईंचा घामेजलेला, कुंकू विस्कटलेला चेहरा तेवढा जागच्या जागी होता. पहिले काही फेरे त्यांचे डोळे भीतीनं ताणलेले होते. मग हळूहळू त्या मागे रेलायला लागल्या. थोड्या, आणखी थोड्या. आणि नयनाबाईंना आपल्या मनगटांवर ते ओळखीचं ओझं जाणवलं. मोहनाताईंनी सगळा भार त्यांच्यावर टाकला होता, पूर्वी टाकायच्या तसा.

आपण गेलो तर हिला काही वाटेल का, हा प्रश्न नयनाबाई श्रावणापासून बाळगून होत्या. आता तो विचारायची गरज राहिली नव्हती, मनगटांना उत्तर मिळालं होतं.

गरबा कधी थांबला हे त्यांना कळलं नाही. शनीच्या काकू आधी वळून बघायला लागल्या, मग गुरूच्या, मग पृथ्वीच्या. बघताबघता सगळ्या सूर्यमालेनं दिव्याकडे पाठ केली होती आणि ती पार्किंगकडे बघत उभी होती. देवश्री रडत होती. माइकजवळ जायची मनाई असलेले हार्दिकभाई कुणालातरी हळूच विचारत होते की पुढच्या वर्षी आपल्या घरच्यांना हे शिकवाल का.

घरी जाताना नयनाबाई स्कूटरवर मागे बसल्या. फतेगंजच्या सिग्नलला विश्रामभाऊ थांबले तेव्हा त्या म्हणाल्या की अहो, ते पीयूषचं. दिवाळीला जाऊ आपण त्याच्याकडे. पंधरा दिवस राहू, नातवाला भेटू, आणि परत येऊ. मोहनाला अजून सोबतीशिवाय जिना उतरता येत नाही. असं सोडून कसं जायचं?

"मी त्याला तसंच सांगितलंय," विश्रामभाऊ म्हणाले.

"कधी?"

"तुमची फुगडी चालू होती ना, तेव्हाच फोन केला."

नयनाबाईंनी त्यांच्या पाठीत एक ठेवून दिली. मला न विचारता असं परस्पर कसं सांगितलंत, त्या ओरडल्या. शेजारच्या रिक्षातली माणसं वळून बघायला लागली. सिग्नल सुटला. विश्रामभाऊंनी स्कूटर पुढे काढली आणि मान थोडी मागे वळवून म्हणाले, "विचारायलाच आलो होतो जवळ. पण तू तिच्याकडे बघत होतीस."